भोपळा किती हलतो

१६ मार्च

भोपळा मिळाला!

दोन वर्षं प्रेक्षक-गॅलऱ्यांची कंपनं मोजतेय – जर्मनीत, गार्चिंगच्या लॅबमध्ये, लाकडी फळीवर विद्यार्थ्यांना उड्या मारायला लावून. आता खरं स्टेडियम! जोहान्सबर्गचं, सोवेटोला लागून. नव्वद हजारांवर माणसं मावतात. बाहेरून वाळलेल्या भोपळ्यासारखं बांधलंय, म्हणून तिथले लोकही त्याला भोपळाच म्हणतात. आपण तंबोऱ्याला लावतो तसा. ते त्यातून बिअर पितात.

आईला लगेच मेसेज केला. वरचे दोन शब्द, जसेच्या तसे.

१७ मार्च

आईचे मिस्ड कॉल. मोजले नाहीत. शेवटी मेसेज – "बाळा, भोपळा मिळाला म्हणून जग बुडत नाही. पहिलीपासून कधी मिळाला नव्हता, एकदा मिळू दे की. काही उलटंसुलटं मनात आणू नकोस."

परीक्षेतलं शून्य!!

स्टेडियमचे फोटो पाठवले. उत्तर – "हो हो, स्टेडियम. छान आहे. वेळेवर जेव." विश्वास बसलेला नाही.

२१ मार्च

आईने सुलेखामावशीला कामाला लावलं. मावशी इथे जर्मनीतच, नेकारसुल्मला असते, काका तिथल्या कार प्लांटमध्ये. सकाळी न कळवता दारात. हातात डबा, चेहऱ्यावर सांत्वन.

दार टेबोगोने उघडलं. टेबोगो माझ्याच लॅबमधला, मूळचा सोवेटोचा. स्टेडियमची माहिती सांगायला आला होता. सांगता सांगता पोह्यांसाठी कांदा चिरत होता.

"हा कोण गं?"

"सहकारी."

"सहकाऱ्याला तुझी मोहरी कुठे असते ते ठाऊक आहे?"

मी पोहे भिजवायला घेतले.

मग त्याने मावशीलाच स्टेडियमचं सगळं सांगितलं. एकोणनव्वदला उघडलं. नव्वदला मंडेला सुटून आले तेव्हा तिथे सभा – त्याचे वडील बाहेर उभे, आत पाय ठेवायला जागा नाही. शहाण्णवला याच मैदानावर त्यांच्या देशाने फुटबॉलचा आफ्रिका कप जिंकला. दोन हजार दहाच्या वर्ल्ड कपसाठी भोपळ्याचा आकार आला. भिंतीत दहा उभ्या फटी ठेवल्यात. नऊ त्या वर्ल्ड कपच्या बाकीच्या स्टेडियमांच्या दिशेने. दहावी बर्लिनकडे, कारण आधीची फायनल तिथे झाली होती.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मावशी म्हणाली. "म्हणजे तिकडून जर्मनीवर लक्ष आहे तुमचं."

निघताना जिन्यात माझ्या दाराकडे खूण करून मला म्हणाली, "भोपळा कसला! काठावर पास आहेस, पण पास आहेस."

म्हटलं, मावशी, गाडी चुकेल तुझी.

२५ मार्च

आमच्या लॅबप्रमुख फ्राऊ लिंडनरने ठरवलं – मोजायला एकच जण जाईल. टेबोगो. त्याला तिथली भाषा येते, माणसं माहीत आहेत. मॉडेल माझं, म्हणून मी इथे स्क्रीनपुढे.

आल्झो – असो. निर्णय योग्य आहे. मला आवडला नाही.

२ एप्रिल

अडचण.

सामना पायरेट्स विरुद्ध चीफ्स – दोन्ही सोवेटोचेच फुटबॉल क्लब, एकमेकांचे कट्टर वैरी. गॅलरी इतकी भरेल असा दुसरा सामना यंदा मिळणार नाही. मापन फसलं तर माझा प्रबंध वर्षभर लांबला.

सगळी गॅलरी उड्या मारत असताना एका माणसाने बसून राहायचं – वजन मोजणाऱ्या गादीवर. त्याच्यावरून कळतं, बसलेल्या माणसाला गॅलरी किती हलवते. तो उठला की मोजणी संपली. आणि तो माणूस कोण? टेबोगो! पायरेट्सच्या घरात जन्मलेला! मोबाइलवर गोल बघतो तेव्हा माझं कपाट हलतं.

सराव घेतला. गादीवर बसवलं, जुने गोल लावले. पहिल्याला उठला. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला शांत बसला. तो चीफ्सचा गोल होता.

"दुसरं कुणी बसव. तटस्थ माणूस."

"सोवेटोत? तू शोधून दे, मी बसवतो."

१० एप्रिल

एअरपोर्टवर सोडून आले. तो म्हणाला, "बसून राहीन." मी म्हणाले, "केबल वळू देऊ नकोस."

एवढंच म्हणाले.

१८ एप्रिल

सामना संपत आलेला. लॅबमध्ये मी एकटी. समोर फक्त आलेख, चित्र नाही, आवाज नाही.

एकदम सगळ्या रेघा वर! गोल. मोबाइल पाहिला – पायरेट्स.

सगळ्यात खाली त्याची रेघ. गॅलरीबरोबर थरथरत होती. वजन जिथल्या तिथे. चार वर्षांनी घरच्या मैदानावर, स्वतःच्या टीमचा गोल, आजूबाजूला अख्खं सोवेटो हवेत – आणि हा बसून.

रेघ दोनदा तपासली. फाइल सेव्ह केली. मग आईला फोन लावला.

"आई, स्टेडियमचं नाही. एका माणसाबद्दल सांगायचंय."