भिंत संपते तिथे

प्रिय दादा,

आणि मग त्या बाईने माझा उजवा हात धरला, बाही कोपराच्या वर सारली आणि हात नळाखाली नेला. मी तो ओढून घेईन असं तिला वाटलं असावं, कारण पकड घट्ट होती. आधी हा, ती म्हणाली, मग डावा. बोटांच्या बेचक्यांतून पाणी गेलं पाहिजे. ती माझ्या हातावर करून दाखवत होती, कारण मी विचारलं होतं की माझ्या आईचं तुम्ही नेमकं काय केलंत. ज्या आवाजात विचारलं तो तुझ्या ओळखीचा आहे. फोनवर तू सध्या माझ्याशी त्याच आवाजात बोलतोस.

ही खोली मशिदीच्या मागच्या अंगाला आहे. मधोमध सिमेंटचा ओटा, एका टोकाला किंचित उतार, खाली जाळी. भिंतींना साध्या पांढऱ्या फरशा, दवाखान्यात असतात तशा. खुंटीला रबरी एप्रन. कापराचा वास. काहीतरी अंधारं, अंगावर येणारं असेल अशी माझी समजूत होती. पण ती न्हाणीघरासारखी न्हाणी होती, आपल्या घरातल्यापेक्षा स्वच्छ. आईला इथे आंघोळ घातली. गावातल्या बायका मेल्या की हीच बाई त्यांना न्हाऊ घालते. एरवी शाळेचे गणवेश शिवते. दम्याने हैराण आहे आणि बोलता बोलता थांबून श्वास घेते, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य फार विचारपूर्वक बोलल्यासारखं वाटतं.

मला तिची भाषा येत नाही. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाची मालकीण सोबत असते आणि ती इंग्रजीतून सांगते. तोंडाने फटकळ आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली, मी जेवढं ते बोलतील तेवढंच सांगेन, रडणं भाषांतर करून देत नाही.

फोनवर मी तुला सगळं तुकड्यांत सांगितलं, आणि प्रत्येक तुकड्यावर तू भडकलास. म्हणून एकदा सलग लिहिते. आई दुपारी गेली. मशिदीत बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून, मांडीवर चौकटीचा कागद घेऊन. शेजारणीला वाटलं डुलकी लागली. डॉक्टर आला, त्याने हृदय म्हणून लिहून दिलं. तिच्या पिशवीत चष्म्याचं घर, पेन्सिली, खोडरबर आणि अर्धा पाव होता. पासपोर्ट तिच्या लॉजच्या मालकाकडे कपाटात होता, आणि मालक कचेरीला कुलूप लावून मुलीच्या बाळंतपणाला गेला होता. प्रेत ठेवायला या गावात थंड खोली नाही. ऊन तर असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आणि यांच्यात माणूस गेलं की दिवस मावळायच्या आत पुरतात. ताटकळत ठेवणं हा मेलेल्याचा अपमान समजतात. इमामांनी बायकांना विचारलं, ही कोण? दोघी पुढे झाल्या. एक ही गणवेश शिवणारी, दुसरी बेकरीवाल्याची बायको. त्या म्हणाल्या, आमचीच आहे, परक्या मुलखातली आहे एवढंच. आमच्या रांगेत उभी असते.

झालं ते एवढंच. कुणी फसवलं नाही, कुणी धर्म लादला नाही. मालक परत आला, त्याने पासपोर्टवरचं नाव पाहिलं आणि डोक्याला हात लावला. पुढचं तुला माहीत आहे.

ती रांगेत का उभी राहत होती, हे तू मला तीनदा विचारलंस. मीही त्यांना विचारलं. बेकरीवाली म्हणाली, आधी नुसती बसायची. भिंतीवरची नक्षी बघत, कागदावरच्या चौकटींची घरं पेन्सिलीने भरत. आम्ही तिला कागदवाली म्हणायचो. नमाजाची वेळ झाली की सगळ्या उठायच्या आणि ही मधेच बसलेली राहायची. मग एक दिवस उठली. आम्ही उभ्या असताना बसून राहणं तिला बरं वाटलं नसेल. गणवेशवाली म्हणाली, बरं वाटलं नसेल काय, तूच तिला हात धरून ओढलंस. बेकरीवाली म्हणाली, ओढलं नाही, जागा दिली. रांगेत फट ठेवायची नसते. त्यावरून दोघींची माझ्यासमोर चांगलीच जुंपली. तुझ्या जागा देण्यामुळे आज ही पोर इथे बसलीय, असं एकीने सुनावलं. आणि साक्ष द्यायला पुढे कोण पळालं, असं दुसरीने. औषधवाली मला म्हणाली, हे मी सांगायला नको, पण दोघींना रात्रीची झोप नाही.

मी विचारलं, ती काय म्हणायची? ओठ हलायचे, बेकरीवाली म्हणाली. वाकायलाही जमायचं तिला, पण आमच्याकडे बघून वाकायची ना, त्यामुळे नेहमी एक क्षण मागे असायची. आम्ही उठलो की ती खाली, आम्ही खाली की ती उठलेली. आम्हाला हसू यायचं. तिलाही यायचं.

ती घरं मोजत असणार, दादा. आठव, कुणाकडे लग्नात बसली तरी समोरच्या बाईच्या पदरावरची घरं मोजायची आणि ओठ हलायचे.

मशीद मी आत जाऊन पाहिली. पायऱ्यांशी चपला काढून डोक्यावरून ओढणी घेतली, तर म्हातारा राखणदार उठून उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून बाजूला झाला. आईसारखी दिसते म्हणून असेल. बाहेरून ती इमारत काहीच नाही. विटांची भिंत, तिला लागून सायकल दुरुस्तीचं दुकान. आत मोकळं अंगण, मधे पाण्याचा हौद, काठावर बसून दोन माणसं पाय धूत आणि भाव वाढल्याबद्दल बोलत होती. अंगण ओलांडून घुमटाखाली गेलं की डोळ्यांना काही क्षण दिसतच नाही. मग निळं दिसायला लागतं. जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत फरशा, आणि त्यावर चांदण्या. चांदणीच्या टोकातून रेघ निघते ती पुढच्या चांदणीचं टोक होते, त्यातून तिसरीचं. एका भिंतीत कोनाडा आहे, ज्या दिशेला सगळ्यांनी तोंड करायचं ती दिशा दाखवणारा. आत काही नाही. मूर्ती नाही, चित्र नाही, दिवा नाही. मी उगाच वाकून पाहिलं. मला ते आवडलं असं म्हणता येणार नाही. मला भीती वाटली. इतकं काम करून मधली जागा कुणी रिकामी ठेवतं हे मला माहीत नव्हतं.

आईने तीस-पस्तीस वर्षं कापडगिरणीच्या डिझाइन खात्यात साड्यांचे काठ काढले. एक घर म्हणजे एक धागा. नक्षी जिथे पुन्हा सुरू होते त्याला ती रिपीट म्हणायची, आणि रिपीट डोळ्याला सापडला तर डिझाइन वाया गेलं म्हणायची. आपण लहान असताना अंथरुणावर पडल्या पडल्या चादरीतला रिपीट शोधायची पैज लागायची, आणि तू नेहमी जिंकायचास. इथून तिचा मला एकच लांब फोन आला. बाकी सगळे, जेवले, बरी आहे, ठेवते. त्या फोनवर म्हणाली, अगं, इथे काठच नाहीये. कोपऱ्यात चांदणी अर्धी कापलीय आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. नक्षी संपत नाही, भिंत संपते. आणि मग म्हणाली, इथल्या बायका मला जागा करून देतात. मी म्हटलं, छान. मला वाटलं बसमध्ये.

आईच्या नक्षी काढायच्या टेबलाबद्दलचं तुझं म्हणणं मला मान्य आहे. तुझ्या मुलाला अभ्यासाला जागा हवी होती, आणि आईनेच म्हटलं होतं की चढवा माळ्यावर, माझं आता काय काम. मी तेव्हा आलेच होते, मीही एक पाय धरला होता त्या टेबलाचा. पुढे तिचा पलंग बाहेरच्या खोलीत आला, मग पाहुणे आले की पलंग उभा व्हायला लागला. कुणी वाईट वागलं नाही. वहिनीने तिला कधी उलटून उत्तर दिलं नाही. प्रवासाला निघते म्हणाली तेव्हा तू म्हणालास, या वयात, एकटीने, आणि नेमकं तिथेच कशाला, दुसरं काही पाहायला नाही का? ती म्हणाली, फरशा पाहायच्यात. आपण दोघंही हसलो.

तू म्हणतोस, तिला तिकडे परक्यांत टाकून येऊ नकोस. मी ते शब्द घेऊन कबरस्तानात गेले. गावाबाहेर आहे, वीटभट्टीच्या मागे. सावली नाही. भट्टीची राख उडून सगळ्यांवर सारखी बसते. आईच्या कबरीवर दगड नाही, मातीचा लांबट उंचवटा आहे आणि एका टोकाला कुणीतरी रोवलेली फळी. तिच्या उजव्या हाताला कुंभाराची आई आहे, डावीकडे एक तान्हं मूल. सगळ्या कबरी एकाच अंगाला तोंड करून, कोनाड्याच्या दिशेने, खांद्याला खांदा लावल्यासारख्या. इथेही फट ठेवत नाहीत. मी बराच वेळ उभी होते आणि मला रडू आलं नाही. पायाशी माती थोडी खचली होती, तिथे मुंग्यांनी वारूळ करायला घेतलं होतं. ते पायाने सारखं करावं की नाही हे मला ठरवता येईना.

इमाम शांत माणूस आहे. शाळेत गणित शिकवतो. तो म्हणाला, चूक आमची आहे. तुमच्या रीतीने तिला अग्नी द्यायचा होता, तो तुमचा हक्क आम्ही नकळत घेतला. कबर उघडणं आमच्यात फार जड गोष्ट आहे, पण तुमच्याकडे सरकारी परवानगी आहे, तुम्ही सही करा, आम्ही खोदून देऊ. मी विचारलं, आणि नाही केली तर? ती तुमच्यातली नव्हती हे आता सगळ्यांना कळलंय. तो म्हणाला, मी वडीलधाऱ्यांशी बोललोय. दोन जण तिला इथे ठेवायला नाही म्हणाले. बाकीच्यांचं म्हणणं आहे की जिला आम्ही रांगेत घेतलं तिला आम्ही स्वतः होऊन बाहेर काढणार नाही.

आज संध्याकाळी पुन्हा गणवेशवालीकडे गेले. शिलाईचं मशीन, कपड्यांचे ढीग, बसायला टोपली उलटी करून दिली. उद्या सकाळी खोदणार आहेत हे तिला माहीत होतं. तिने एकच सांगितलं, आणि या वेळी औषधवालीलाही ते सांगायला जड गेलं. ती म्हणाली, उद्या तू बघू नकोस. तीन आठवडे होत आले. ऊन किती आहे तू बघतेसच. मी तिला नीट करून पाठवलंय. कोमट पाण्याने धुतलं, पोटावर हात जोरात दाबला नाही, नखांतला पेन्सिलीचा काळा काढला. केस मोकळे केले, विंचरले, तीन वेण्या घातल्या आणि मागे सोडल्या. तिच्या केसांत गुंता फार होता. खूप दिवस कुणी मागून विंचरले नसावेत. हात वर जात नव्हता का तिचा?

याचं उत्तर तुला येईल? तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता का, दादा? अंबाडा नेहमी खाली, मानेवर असायचा. मी समजत होते तिला तसाच आवडतो.

तू चुकीचं मागत नाहीस. मी तुझ्या जागी असते तर हेच मागितलं असतं. घरी सगळे येऊन बसलेत, मामा गावाहून आलेत, तू रजा टाकलीस, कचेऱ्यांचे उंबरे झिजवून तो कागद मिळवलास. तुला तिचं तोंड बघायचंय. तेच आता राहिलेलं नाही. पेटी बंद येईल आणि बंदच जाईल, आणि तू बंद पेटीला आई म्हणशील. तुला ती परत हवी आहे, मला कळतं. पण आपल्याकडे तिचा पलंग उभा करून ठेवलेला होता. एका जागी तिला कुणी सरकून जागा दिली, तिथून आता आपणच तिला उठवायचं?

पेटी विमानतळावर नेणारा माणूस उद्या टेम्पो घेऊन येणार आहे. पेटीचं विमान ठरलंय, तुला त्याचा नंबरही दिलाय. पेटी येणार नाही. तिच्या जागी हे पत्र येईल, म्हणून इतकं लांब लिहिलं. आज दिवसभर मी फोन बंद ठेवलाय, कारण फोनवर तू बोलतोस आणि मी हो म्हणते. पुन्हा माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. माळ्यावरचं टेबल मात्र खाली काढ. ते मी घेऊन जाईन.

तुझीच,
धाकटी

सकाळी लिहिते आहे. खोदणारे दोघे कुदळी घेऊन आले होते. मी सही केली नाही. इमामांनी एकदाच विचारलं, नक्की? मी मान हलवली. खोदणाऱ्यांनी पायाशी खचलेली माती भरून घेतली, फावड्याच्या पाठीने चोपली आणि ते भट्टीकडच्या वाटेने निघून गेले. टेम्पोवाला हे पत्र न्यायला बाहेर थांबला आहे.