एकेचाळीस आल्नांचे अणू

हागेबू, उप्सालाजवळ
३ जून १९७८

प्रिय डाग्नीताई,

टोपी काढून नमस्कार. तुझा खोकला गेला का? लुलिओत अजून थंडी आहे की डास आले? इथं सगळं ठीक आहे. म्हणजे मी थकलोय, पण तो काही आजार नव्हे असं डॉक्टर म्हणतो (डॉक्टरचं वय सव्वीस).

जमीन मोजणीच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली, पण गावाला ते कुणी कळवलेलं नाही. एप्रिलात फोल्के आला. (चर्चमध्ये गाणं सगळ्यांच्या आधी सुरू करून सगळ्यांच्या नंतर थांबतो, तो.) त्याला तळ्याकाठी वाफेच्या अंघोळीसाठी सौना बांधायचा होता आणि शेजारच्या विवेकाची काळ्या मनुकांची झुडपं म्हणे त्याच्या हद्दीत शिरली होती. पाठोपाठ विवेका आली. म्हणाली, "झुडपं होती तिथंच आहेत. ह्याचं पोट पुढं आलंय." भांडण माझ्या स्वयंपाकघरात झालं आणि कॉफी माझी संपली.

मी १७८७ सालचा नकाशा काढला. सीमेच्या दगडापासून जुन्या गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत एकेचाळीस आल्न, असं त्यावर स्वच्छ लिहिलंय. (आल्न तुझ्या लक्षात असेलच, साठ सेंटिमीटरला जरासं कमी.) मी गुणाकार केला आणि चोवीस मीटर पस्तीस सेंटिमीटर म्हणून मोकळा झालो. पण विवेकानं तीस वर्षं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अणूंचा उजेड मोजलाय. सेंटिमीटर तिच्या लेखी नुसत्या गप्पा. म्हणाली, "हाल्वार, मोघम नको. आंगस्ट्रॉममध्ये सांग." आता हे माप आपल्याच उप्सालाच्या एका प्राध्यापकाच्या नावाचं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. एका मीटरमध्ये हजार कोटी आंगस्ट्रॉम मावतात. मी नाकावर चष्मा ठेवून बसलो आणि उत्तर काढलं: चोवीस हजार तीनशे पंचेचाळीस कोटी ऐंशी लाख. फोल्केनं आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे जमीन वाढली ना?"

मग प्रत्यक्ष मोजणी. दगड चाळीस सेंटिमीटर रुंद. म्हणजे कुठल्या कडेपासून मोजायचं एवढ्या एका प्रश्नात चारशे कोटींचा वाद. त्यावर शेवाळ. ते विवेकानं दात घासायच्या ब्रशनं खरवडलं. पोलादी टेप उन्हात तापली की लांबते, म्हणून तिनं टेपेला थर्मामीटर बांधला. एक ढग आला आणि पावणेतीन कोटी गेले. टेपेचं एक टोक फोल्केच्या हातात. त्यानं श्वास घेतला की ती ओरडायची, "गेले पन्नास लाख!" आणि तो माणूस, ताई, लाल होईपर्यंत श्वास धरायचा.

असे तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. चार हातांवर उभं राहून "हाल्वार, त्याला सांग," "हाल्वार, तिला विचार," असं चाललेलं. मी आपला मधे, निरोप्यासारखा. (एक दिवस मी नवा शर्ट घालून गेलो होतो. ऊन होतं म्हणून.) दुसऱ्या आठवड्यात मी गिरणीच्या कोपऱ्याशी गुडघ्यावर वाकलेलो असताना दगडाकडून हसण्याचा आवाज आला. विवेकानं थर्मासमधून कॉफी आणली होती. कप दोन होते. मोजणारे तिघं होतो.

गेल्या मंगळवारी मी शेवटचा आकडा नीट कागदावर लिहून, खाली सही करून घेऊन गेलो. तो कुणी वाचला नाही. विवेका म्हणाली, "राहू दे रे. सौना दोघांच्या जमिनीत मिळून बांधतोय. हद्द आतल्या बाकाखालून जाईल." मिडसमरला, चोवीस तारखेला, लग्न आहे. फोल्केनं मला मिठी मारली. "तू नसतास तर आम्ही आयुष्यभर बोललोच नसतो!" म्हणाला. ते खरं आहे. मी रात्रंदिवस तोच विचार करतोय.

असो. प्रकरण मिटलं, गावात शांतता आहे, माझी पाठ सोडली तर तक्रार नाही. तब्येत सांभाळ.

तुझा थकलेला भाऊ,
हाल्वार

ता. क. लग्नात मी उभं राहून दोन शब्द बोलावेत अशी दोघांची इच्छा आहे. थोडक्यात नको, सविस्तर बोल म्हणाले.

दुसरा ता. क. तुझा पाय मोडलाय आणि तुझ्याजवळ कुणी नाही, असं मी त्यांना सांगितलंय. बावीस तारखेच्या गाडीनं येतोय. चार दिवस राहीन, चालेल तर आठ. विवेका फोन करील. जरा कण्ह.

तिसरा ता. क. कुठला पाय, असं तिनं लगेच विचारलं. डावा सांगितलाय. गुडघ्याच्या खाली, चार बोटांवर.