बेहड्याचा कौल

मंगळवार, संध्याकाळ. रोहा.

खांब गावाच्या वरच्या देवराईतून परतले, पण तो भुसा डोळ्यांपुढून जात नाही. जंगलाच्या तब्येतीचा अभ्यास करणाऱ्या शलाकाने देवळापुढच्या जुन्या बेहड्यात बारीक गिरमिट फिरवलं, तर आतून ओला, काळपट भुसा आला. कुजका वास. गावाने भक्तीने बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा बांधला आणि मुळं गुदमरली, असं ती म्हणाली. झाड कधीही कोसळेल. आणि उद्या जत्रेची पंगत नेमकी त्याच्याखाली.

गुरव तात्यांनी ऐकून घेतलं. पण राईत कोयता चालवायचा तर देवीचा कौल हवा. त्यांनी मूर्तीला दोन फुलं लावली आणि विचारलं, बेहडा तोडू का? डावं फूल पडलं.

"नाय म्हणते आई," तात्या हसले. "तुमच्या गिरमिटापेक्षा तिला जास्त कळतंय, ताई."

शलाकाने गिरमिट पुसून ठेवलं. मी ओट्यावरचा भुसाच बघत राहिले. इतकी वर्षं बातमीदारी केली, आणि प्रश्न चुकतोय हे तेव्हाच कसं लक्षात आलं नाही? झाड तोडण्याचं नव्हे, पंगत हलवण्याचं विचारायला हवं होतं.

आत्ता फोन करून तात्यांना तेच सांगितलं.

"पहाटे विचारतो की. पण मंडप घालून झाला, बाय. दोर बेहड्यालाच आवळलेत. त्याच्याएवढं मजबूत झाड राईत दुसरं हाय कुठं?"