मठपतीच्या दाढेतलं शीत

॥ श्रीवज्रेश्वरी प्रसन्न ॥

भिवंडी, एकादशी

अहो,

परवा आलं ते असं: तुमच्या शेवटच्या कादंबरीची प्रुफं, गठ्ठा एक. प्रकाशकांचं संमतीपत्र, एक. सोबत चिठ्ठी. कुरियरचा खर्च त्यांचा. तपासायला लाल पेन मी आणलं, दहा रुपये.

संमतीपत्र न्यायला आज चार वाजता त्यांचा माणूस येणार आहे. आत्ता अडीच झालेत. सही केली तर तुमच्या पुस्तकात एका निर्दोष बाईच्या माथी खून बसतो. नाही केली तर मी काय करून ठेवलंय ते कबूल करावं लागतं. म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कोणाला विचारू?

शेवटचं प्रकरण न लिहिताच गेलात तुम्ही. बाकी सगळं माझ्या अक्षरात आहे. वडपे गावच्या गोडाऊनमध्ये जेवणाच्या सुट्टीत मालाच्या जुन्या चलनांच्या पाठीवर तुम्ही खरडायचं आणि घरी मी ते वहीत नीट उतरवायचं. आधीची चार पुस्तकं अशीच झाली. शिलाहार राजांचा काळ, खुनाचा छडा लावणारा तुमचा तो ताम्रपट कोरणारा नागदेव, आणि दर पुस्तकात एक मुडदा. देवळात मुडदे कशाला पाडता म्हणून मी किती कटकट केली असेल! तुम्ही म्हणायचात, आठशे वर्षांपूर्वीचं सुतक आता कोणाला लागतंय?

खुनी कोण, हे मात्र मला आधी कधी सांगितलं नाहीत. म्हणे, कळलं की त्या माणसाचं नाव मी रागाने दाबून लिहिते. या वेळी सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

या पुस्तकातला म्हातारा मठपती दर एकादशीला दार लावून मौनात बसायचा. याही वेळी दार बंदच असतं आणि द्वादशीला पहाटे गरम कुंडात त्याचं प्रेत सापडतं. पाणी ऊन, म्हणून अंग गार पडलेलं नाही. सगळे धरून चालतात की रात्रीच मारला. एकादशीला मठात होती एकटी स्वयंपाकीण रेवाक्का. मठाचं कोठार सांभाळणारा भांडारी तर दशमीलाच, दिवस मावळताना, सोपाऱ्याला गेलेला. नागदेव प्रेताचं तोंड उघडून बघतो. तिथे तुम्ही लिहिलं होतंत, दाढेत भाताचं एक शीत.

माझं डोकंच फिरलं. मठपती, आणि एकादशीला भात? तुम्ही एकादशीला नाक्यावर भजीपाव खाणारे, तुम्हाला काय कळणार! लोक हसतील म्हणून मी तुम्हाला न विचारता शीत काढलं आणि 'साबुदाण्याचा दाणा' असं उतरवलं. नवऱ्याची चूक सांभाळून घेतली, असं वर समाधानही वाटलं हो.

प्रकाशकांकडे मृण्मयी म्हणून मुलगी आहे, ती प्रुफं बघते. चिठ्ठी तिचीच. साबुदाणा त्या काळी आपल्याकडे नव्हता म्हणे. मिरची नव्हती, बटाटा नव्हता, एवढं तुम्ही मला शिकवलं होतंत. साबुदाण्याचं का नाही सांगितलंत? तर आता तिथे फळाची फोड घालायची, आणि शेवट दुसऱ्या एका लेखकाने लिहून दिलाय: फळातून विष घातलं रेवाक्काने. जी पहिल्या पुस्तकापासून नागदेवाला पेज वाढते, तिने! राजा तिला सुळावर देतो.

काल दशमी. दुपारी जेवण झाल्यावर भाताचं पातेलं घासत होते. उद्या एकादशी, एकही शीत राहायला नको म्हणून नखाने खरवडत होते, आणि तिथेच थांबले. शीत दाढेत होतं, म्हणजे ते दशमीचं, आणि एकादशीच्या सकाळी त्याने तोंडही धुतलं नव्हतं. एकादशी त्याने पाहिलीच नाही. दशमीला एकवेळच जेवायचं, म्हणून दशमीचं दुपारचं जेवण हे त्याचं शेवटचं. बंद दाराआड कोणी नव्हतंच! आणि दशमीच्या दुपारी भांडारी मठातच होता.

चूक नव्हती ती. तोच पुरावा होता, आणि तो मी पुसला. ज्याला एकादशी कळत नाही म्हणत होते, त्याने अख्खी कादंबरी एकादशीवर उभी केली होती!

सकाळी मृण्मयीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, काकांचा मूळ कागद आहे?"

"नाही. उतरवून झाले की रद्दीत जायचे."

"मग साहेब म्हणतील, काकूंनी हे आत्ता रचलं. आणि तुम्ही फेरफार केलात असं लिहून दिलंत, तर आधीच्या चार पुस्तकांवरही लोक बोट ठेवतील. काकांचं नाव जाईल. त्यापेक्षा सही करून टाका ना."

मी तिला विचारलं, रेवाक्काच्या नावाचं काय? ती म्हणाली, "काकू, ती खरी थोडीच आहे!"

पाच पुस्तकं तिचं नाव मी हाताने लिहिलंय. मला नका सांगू खरी नाही म्हणून.

देवापाशी बसून आले. संमतीपत्रावर 'मान्य नाही' लिहिलं. खाली लिहिलं की या पुस्तकात एक शब्द मी बदलला, तो अमुक पानावर, मूळ शब्द 'भाताचं शीत'. आधीच्या चारांत काना-मात्राही बदललेली नाही. देवीची शपथ घातली आणि सही केली, पूर्ण नावाने. त्यांनी पुस्तक छापलं नाही तर नाही. लाल पेनाने साबुदाणा खोडला आणि शीत जागच्या जागी ठेवलं.

शब्द देते, शेवटचं प्रकरण मी लिहीन. मॅट्रिकच्या मराठीत लिहीन, तुमच्यासारखं जमणार नाही, पण रेवाक्का सुळावर जाणार नाही.

एकच राहून राहून मनात येतं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात माझी वही तुमच्या हातात होती. कुंडाच्या पानावर तुम्ही थांबलात. हसलात, खोकला आला. काय झालं विचारलं तर म्हणालात, "काही नाही. शेवटी बघू."

तुम्ही ते साबुदाण्याचं वाचलं होतंत का? एवढंच उलट टपाली कळवा. भांडाऱ्याचं मी बघते.

तुमची,
कुसुम