आवारात माणसं नऊच

मी, अ‍ॅग्नेस पॉल मिस्किटा, वय एक्याऐंशी, राहणार बाळकुम, ठाणे, प्रसूतिगृहातली निवृत्त नर्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाच्या धाकाने नाही आणि लाडीगोडीनेही नाही. लाडीगोडी झाली, खोटं कशाला बोलू? माझा मुलगा अ‍ॅड्रियन महिनाभर रोज संध्याकाळी फालुदा आणत होता आणि सोबत बिल्डरचे कागद. मी फालुदा खाल्ला, सही केली नाही.

कलम १. माझं घर, आवार आणि आवारातली विहीर मी माझी नात क्रिस्टल हिला देते. अ‍ॅड्रियन आणि सून स्वीडल यांनी मरेपर्यंत इथे राहावं, त्यांना कोणी ऊठ म्हणू नये. पण घर अ‍ॅड्रियनच्या नावावर केलं, तर मी गेल्यावर चर्चमध्ये माझी महिन्याची प्रार्थना व्हायच्या आत इथे बत्तीस मजले उभे राहतील. अ‍ॅड्रियनला मी बिल्डरचं ते गुळगुळीत कागदाचं पुस्तक देते. त्यात माझ्या विहिरीच्या जागी स्विमिंग पूल छापलाय. पोहावंसं वाटलं की त्याने ते उघडून बसावं.

कलम २. या आवारात एका वेळी नऊच माणसं राहतील. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. विहीर मे महिन्यात नऊ जणांना पुरते, दहावं आलं की पोहऱ्यातून गाळ येतो. आज आम्ही बरोबर नऊ आहोत. नववा म्हणजे क्रिस्टलचा नवरा स्टीव्ह, आणि लग्नाआधी मी त्याला हे तोंडावर सांगितलं होतं. वकील प्रीतम म्हणतो, "आंटी, ही अट कोर्टात टिकणार नाय." न टिकू दे. माझ्या घरातल्यांना कोर्टापेक्षा माझी भीती जास्त आहे.

कलम ३. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही, राग नोंदवण्यासाठी आहे. शहराचा पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा निघाला तेव्हा मी हरकत घेतली होती. आधी पाणी मोजा, त्यावर बाळकुमात माणसं किती मावतील ते ठरवा, आणि तेवढ्यावर थांबा, इतकंच माझं म्हणणं. सुनावणीत साहेब म्हणाले, "आजी, लोकसंख्या वाढणारच. आम्ही ती गृहीत धरली आहे." पाणीसुद्धा त्यांनी गृहीतच धरलं होतं. तेवढ्यात मागून माझा शेजारी दाजी भोईर बोलला, "साहेब, निम्म्या गावाची बालंतपना या बाईनंच केली, न आता हीच म्हनते मानसा नको."

सगळा हॉल हसला. मी म्हटलं, "मी आणली ती एकेक करून आणली आणि प्रत्येकाला आंघोळ घालून घरी पाठवलं. तुम्ही एका टॉवरने हजार आणता, त्यांच्या आंघोळीचं काय?" लेखी उत्तर एका ओळीचं आलं, "सूचनेची नोंद घेतली."

दाजीने स्वतःची जागा टॉवरला दिली आणि एकोणिसाव्या मजल्यावर राहायला गेला. आता टँकर आला नाही की हंडा घेऊन माझ्याच विहिरीवर उभा. मी पाणी देते, पण बोलून देते.

कलम ४. आम्हा इथल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा-नवरीच्या आंघोळीसाठी बँड लावून विहिरीवरून पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. गावातल्या बाकीच्या विहिरी पार्किंगखाली गेल्या. मागच्या वर्षी टॉवरातली एक वरात बँड वाजवत पाण्याचे जार विकणाऱ्याच्या दुकानात गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली, आणि घरी येऊन रडले. म्हणून उंबराच्या पाण्यासाठी माझं फाटक कोणालाही उघडावं. त्या दिवशी नऊची अट नाही, नाचा हवं तेवढं.

कलम ५. बाळं तोलायचा माझा काटा स्वीडलला. दाजीला काही नाही. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला त्यात काही ठेवता येत नाही असं प्रीतमने सांगितलं, म्हणून तर दाजीला साक्षीदार केलाय. त्याची बायको चंद्रभागा बिचारी चांगली आहे. तिला आमच्या घरी कुटलेल्या बाटली मसाल्याची बरणी मी कालच हातात दिली.

कलम ६. हे आज सकाळी घालावं लागलं. क्रिस्टलने सुक्या बोंबलाची ताटली बाजूला सारली. मला डॉक्टर कशाला हवा? मी तिच्याकडे पाहिलं आणि ती रडायलाच लागली. म्हणाली, "आजी, आता आम्ही दोघं भाड्याने बघू का कुठे?" आणि अ‍ॅड्रियन हसतोय, "मम्मी, दहा झाले. आता तरी अट काढ."

अट निघणार नाही. पण क्रिस्टल कुठेही जाणार नाही. बाळाची पहिली आंघोळ याच विहिरीच्या पाण्याने, माझ्या हातची. ते पाऊल टाकेपर्यंत थांबायचीही माझी इच्छा आहे. तोपर्यंत या घरातलं जास्तीचं माणूस मी, आणि माझी आंघोळ दाजीच्या एकोणिसाव्या मजल्यावर. पुढे नऊचा आकडा कसा जुळवायचा ते मी आणि देव बघून घेऊ. त्यासाठीच तर हा कागद लिहिलाय.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

अ‍ॅग्नेस पॉल मिस्किटा
बाळकुम, ठाणे. ११ जानेवारी २०२६

साक्षीदार:
१. शालन देवराम ठाकूर, निवृत्त नर्स, कोलशेत
२. दाजी महिपत भोईर. माना काय नाय दिला ता वाचला. आंघोलीला ये. पानी सकाली सा ते सव्वासा.