ज्या ओळीवर मी उठले

रविवार, ८ नोव्हेंबर

उठले! मी, रिझिकी, काल चक्क उठले!

डोळे चुरचुरताहेत, पाय दुखताहेत, पण आधी हे लिहून टाकते. इतकी वर्षं ताराबच्या गाण्यांच्या मैफलींना जातेय. अख्ख्या टांगा शहरातला एक क्लब सोडला नाही, लग्नाचा एक मांडव सोडला नाही. पण नोट घेऊन कधी उठले नव्हते. उठतात त्या बाकीच्या बायका. एखादी ओळ आली की हिला सवत आठवते, तिला शेजारीण. मग कमरेची नोट काढायची, हात उंच करायचा, ठुमकत पुढे जायचं आणि गाणारणीच्या हातात ती द्यायची. ज्या ओळीवर उठलीस ती ओळ तुझी. लेकी बोले सुने लागे! जिला लागायचं तिला बरोबर लागतं. यावरून आमच्या गल्लीत झिंज्या उपटून झाल्यात.

मी आपली कोपऱ्यात, कार्डं घेऊन. कचेरीत घायपाताच्या वजनाची जी कार्डं वाया जातात त्यांच्या पाठीवर लिहिते. कुठला क्लब कुणातून फुटून निघाला, व्हायोलिनं किती, अकॉर्डियन कोण वाजवतो, ढोलकीवाला कुणाशी भांडून कुठे गेला. शब्दांचं खातं नुनूकडे. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून आमची वाटणी ठरलेली – शब्द तिचे, सूर माझे. गाण्यात काय म्हटलं असं मला विचाराल तर मी ठार ढ.

तर काल. वाण्याच्या धाकटीचं लग्न, आणि गायला नसीम क्लब. त्यांचा कानून वाजवणारा मस्कतला गेल्यापासून ती जागा रिकामीच होती. पाहते तर तिथे एक पोरगी! पेंबा बेटावरून आणलीय म्हणे, वेते गावची. कानून मांडीवर आडवं, सत्तरेक तारा, आणि बोटं तर दिसतच नव्हती. तिसऱ्या कडव्यानंतर तिनं एकटीनं जे वाजवलं – पेन्सिल हातातून कधी पडली कळलंच नाही. कडव्याची शेवटची ओळ परत आली आणि मी उभी होते. नोट सिहाबाला नाही दिली, गाणारी असली तरी. सरळ त्या पोरीच्या हातात कोंबली.

"नाव काय गं बाळ?"

"अराफा. तुमचं?"

"रिझिकी. नाखवा सेफूच्या घरची."

तिचा हात तारांवरच थांबला. गाणं पुढे गेलं, ती मागे राहिली. नवखी आहे, बुजली. कार्डावर तसं लिहिलंय.

मांडवात काय गदारोळ! बायका जिभा हलवून किलकारत होत्या, कुणी टेबलं बडवत होतं. मला वाटलं, बरं झालं, लोकांना कानूनाची कदर आहे. परत आले तर नुनूची खुर्ची रिकामी. मला टाकून एकटी घरी गेली! असं कधी झालं नाही. पोट बिघडलं असेल.

सोमवार, ९ नोव्हेंबर

डोकं चालेनासं झालंय.

सकाळी नळावर गेले तर बायकांनी वाट करून दिली. माझी बादली पहिली! एक म्हणते, "शाब्बास बी रिझिकी! असं उत्तर माझ्या आईनंही दिलं नसतं." दुसरी म्हणते, "काळीज आहे का दगड गं तुझं?" नारळवाल्या चिकूबाईनं उत्तम नारळ निवडून दिला, पैसे घेतले नाहीत, वर माझा हात दाबला. मयताच्या घरी दाबतात तसा.

शाबासकी का सांत्वन? एक काय ते ठरवा की बायांनो!

मी म्हटलं, "अहो, पोरीनं कानून छान वाजवलं म्हणून उठले."

तर पोट धरधरून हसल्या. "ऐका! कानून म्हणे! अगं, एवढी पोहोचलेली असशील असं वाटलं नव्हतं."

कुठे पोहोचले मी?

मंगळवार, १० नोव्हेंबर

नुनू आली नाही. तिच्या दारावर थाप मारली. आतून खोकल्याचा आवाज आला, कडी निघाली नाही.

बुधवार, ११ नोव्हेंबर

सेफू परतला. शनिवारी यायचा होता. म्हणतो, वेतेला माल उतरवला आणि वारा चांगला होता म्हणून लगेच उलटा फिरलो. माझ्या लग्नाच्या नवऱ्याला वाऱ्यानं घरी लवकर आणल्याचं मला तरी आठवत नाही.

येताना केवढी सुरमई! आणि कांगांची नवी जोडी, काठावर छापलंय – 'मन मोठं तिचं घर मोठं'. मी नेसले. नळावर गेले. त्या सटव्यांनी काठ वाचला आणि पुन्हा हशा. आता मात्र मला राग आला.

जेवताना सेफू म्हणाला, "धक्क्यावर सगळे सांगत होते, तू उठलीस म्हणे."

"हो. नोट दिली. इतकं काय त्यात?"

"त्या मुलीशी काय बोललीस?"

"नाव विचारलं."

"एवढंच?"

"माझं सांगितलं."

त्यानं घास खाली ठेवला. मी म्हटलं, पोर गुणी आहे, परक्या गावी एकटी आहे, एकदा जेवायला बोलावू. तर काटा घशात अडकल्यासारखा खोकायला लागला. पाणी दिलं. मग माझ्याकडे बघून म्हणतो, "तू फार मोठ्या मनाची बाई आहेस, रिझिकी."

मी? गेल्या महिन्यात भातात मीठ जास्त पडलं म्हणून ताट सरकवून गेला तो हाच ना? वर विचारतो, पाय दाबून देऊ का. ताप तर नाही ना त्याला? कपाळाला हात लावून पाहिला. नाही.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

कचेरीतून थेट नसीम क्लबात, तालमीला. कार्डावर दोन जागा कोऱ्या होत्या – गाणं कुणी लिहिलं, आणि अराफा कुणाकडे शिकली. अराफा नव्हती. त्या लग्नापासून तालमीला आलीच नाही म्हणे. सिहाबाकडे उतरलीय, दार लावून पडून असते.

बाबा हेमेदी म्हणजे क्लबचे म्हातारे, इथली सगळी वाद्यं जुळवणारे. त्यांना विचारलं, शब्द कुणाचे? त्यांनी दाढी कुरवाळली. "लिहिणारीनं नाव सांगू नका म्हटलंय. पण बी रिझिकी, तुला ठाऊक नसेल असं कसं म्हणू?"

लिहिणारीनं! म्हणजे बाई आहे. आमच्या शहरात गाणी लिहिणारी बाई कोण? माझ्या कार्डांत एकही नाही!

सिहाबा म्हणाली, "मी कितीजणींना उठताना पाहिलं, पण स्वतःवर फेकलेला दगड उचलून केसांत माळणारी तूच पहिली."

कसला दगड? मी म्हटलं, मला ते तिसरं कडवं सांग, लिहून घेते. ती म्हणाली, "आता लिहून घेतेस?" आणि तिनं सांगितलं, गाऊन नाही, साधं बोलून:

मोजीत बसलीस लोकांच्या चुली,
तुझ्या गं चुलीची राख झाली.
ज्या गलबताची वाट पाहिली
त्यानं दुसऱ्या बंदरी दोरी बांधली.

घरी येऊन पाच-सहा वेळा वाचलं. चाल काढून टाकली की शब्द किती उघडे पडतात! कुणा बिचारीचं घर असेल हे. वाचून वाईट वाटलं. आणि अशा ओळीवर मी नाचत नोट दिली, म्हणजे त्या बाईला कसं लागलं असेल! नुनूला तर नाही ना लागलं? पण नुनूचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली, आणि गलबत त्याच्या बापजन्मी नव्हतं. शिंपी होता तो.

गलबत आमच्याकडे आहे.

शनिवार, १४ नोव्हेंबर

सगळं लिहून काढते.

सकाळी नुनूच्या मागच्या दारानं शिरले. ती मांदाझी तळत होती. मला पाहून झारा आपटला.

"कशाला आलीस? हसायला?"

"नुनू, ते गाणं कुणी लिहिलं?"

"मी! मी लिहिलं! झालं समाधान? लिही तुझ्या कार्डावर!"

मी खालीच बसले. ती बोलतच राहिली, तेल धुरावलं तरी. तिच्या भावानं, तो पण दर्यावर जातो ना, वेतेला सेफूला पाहिलं. एका घरात जाताना, येताना. निकाह करून राहतोय. दोन वर्षं! धक्क्यावरून गल्लीभर झालं. "मला कळून चार महिने झाले. तुला तोंडावर सांगायला जीभ रेटेना गं. तीनदा आले होते सांगायला. तू काय करत होतीस? कॅसेट ऐकत होतीस! 'थांब नुनू, हे व्हायोलिन ऐक.' मग म्हटलं, गाण्यातून सांगू. गाणं तरी ऐकशील. एकेक ओळ रडत लिहिली मी. वाटलं, ऐकशील, माझ्याकडे बघशील, आपण दोघी उठून घरी जाऊ. आणि तू? तू नाचत गेलीस! आणि नोट दिलीस कुणाला? तिलाच!"

"कुणाला तिला?"

नुनूनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. मग तिच्या तोंडावरचा राग हळूहळू गेला.

"अगं देवा," ती म्हणाली. "तुला खरंच माहीत नव्हतं."

अराफा. वेतेची. कानूनवाली.

तर अख्ख्या गल्लीनं हे पाहिलं – माझ्यावरच्या ओळीवर मी उठले आणि भर मांडवात सवतीच्या हातात नोट ठेवली. म्हणजे मान्य! म्हणजे ये बाई, घर तुझंच! म्हणून ती शाबासकी. म्हणून ती सुरमई, ती कांगा, ते 'पाय दाबू का'. बादली पहिली भरली होती माझी!

आम्ही दोघी रडलो. मांदाझी सगळी करपली.

रविवार, १५ नोव्हेंबर

सेफूला विचारलं. सरळ. नाही म्हणाला नाही. उलट त्यालाच माझं नवल वाटलं.

"आता रडतेस कशाला? सगळ्या गावादेखत होकार दिलास. मी म्हटलं, बाई असावी तर अशी. शुक्रवारी आणणार आहे तिला इथे. मागची खोली रिकामी करून ठेव."

मागची खोली म्हणजे माझ्या कॅसेटी, माझी कार्डं. मी म्हटलं, मी कानूनाला दाद दिली होती, तुला होकार नव्हता दिला. तर म्हणतो, "हे कुणाला सांगशील? कोण ऐकेल?"

खरंच कोण ऐकेल? मी स्वतः दुसरीच्या तोंडून ऐकलं असतं तर हसलेच असते.

मग म्हणाला, "पण तोवर तिच्याशी बोलू नकोस. मी समजावतोय तिला. रुसलीय जरा." काल सिहाबाच्या दारात तासभर उभा होता म्हणे, तिनं उघडलं नाही.

ती का रुसलीय? रुसायचं तर मी! आणि घरात आणायचंय तर बोलू नको कशाला? काही म्हणजे काही कळत नाही. त्याचा राग येतो तो स्वच्छ येतो. तिचा येतच नाही नीट. रागवायला बसले की ते तिसऱ्या कडव्यानंतरचं वाजवणंच कानात येतं. तिचं कार्ड काढलं, फाडावं म्हणून. 'मध्येच थांबते, नवखी.' फाडलं नाही. वाजवते फार छान, ते खोटं कसं म्हणू?

सोमवार, १६ नोव्हेंबर

सकाळी सेफू शिडाच्या कामाला धक्क्यावर गेला आणि थोड्या वेळानं अराफा दारात. एकटी. आत ये म्हटलं तर येईना. माझा हात धरला, दाबून पाहिला, मनगटापासून कोपरापर्यंत. आणि रडायलाच लागली.

"तो म्हणाला होता तुम्ही वारलात. निकाहाच्या आधी आमच्या घरी तुमच्या नावानं कुराण वाचून घेतलं त्यानं. मीच सगळ्यांना भात वाढला. किती रडला होता तो!"

आत बसवलंय तिला. नुनूला हाक मारली, ती अनवाणीच धावत आली. भात टाकलाय. सेफू जेवायला येतो म्हणून गेलाय. आम्ही तिघी वाट बघतोय.