त्या आठवड्याचा कांट

३ मार्च, सोमवार

तत्त्वज्ञानाचा विभाग बंद करतायत! मुलंच येत नाहीत म्हणे. कॉलेजातून फोन होता. पंधरा तारखेला, शनिवारी, त्याच जुन्या खोलीत शेवटचा छोटासा कार्यक्रम. ‘सरांच्या वतीने तुम्ही बोला, मॅडम.’ सर म्हणजे आमचे हे. हे गेल्याला दीड वर्ष होत आलं. मी म्हटलं, अहो, मी लायब्ररीवाली! जन्मभर पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारले, मला त्यातलं काय कळतंय? तर फोनवरची पोरगी म्हणते, आठवणी सांगा.

आठवणींना काय तोटा! हो म्हणून बसले.

४ मार्च, मंगळवार

चिठ्ठ्यांचीच गोष्ट सांगते. दुसरं काय सांगणार.

विभागात माणसं तीनच. थोरले सर – विभागप्रमुख. आमचे हे – तेव्हा अर्थात ‘आमचे’ नव्हते. आणि लॉजिक शिकवणारा तर्कट. हे नाव मीच ठेवलेलं, आता त्याची नातवंडंही त्याला तेच म्हणतात. थोरल्या सरांचं म्हणणं, नीतिशास्त्र फळ्यावर लिहून अंगात मुरत नाही, जगून बघा. म्हणून दर सोमवारी सकाळी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यातून एकेकाने चिठ्ठी काढायची. जो विचारवंत निघेल त्याच्या मताने आठवडाभर वागायचं. थट्टा नाही, खरोखर!

मला काउंटरवरून सगळी गंमत दिसायची. सॉक्रेटिस निघाला की हे विचारत, ‘पुस्तक उशिरा आणलं म्हणजे माझं नक्की काय चुकलं?’ मी उत्तर दिलं की त्याच्यावर आणखी प्रश्न. मागे ही रांग! ॲरिस्टॉटल निघाला की सगळं मध्यम – ना उधळेपणा, ना चिकटपणा. चहासुद्धा अर्धाच कप. मिल निघाला की उठल्यासुटल्या हिशेब, कशाने जास्त माणसं सुखी होतील? वाचनकक्षातला पंखा कुणीकडे फिरवायचा यावर एकदा हे डोकी मोजत बसले होते. शेवटी मीच बंद केला तो पंखा.

कांटला मात्र तिघेही टरकून असत. खोटं बोलायचं नाही. गोड नाही, छोटं नाही, कुणाचा जीव वाचवायलाही नाही. त्या आठवड्यात ज्याच्याकडे कांट, तो लोकांना टाळत जिन्याच्या कडेकडेने जायचा.

काय दिवस होते! त्या खोलीतला खडूचा वास अजून नाकात आहे.

६ मार्च, गुरुवार

आज नेमकी ती दुपार लिहून काढते, म्हणजे बोलताना अडखळायला नको.

माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्याने कारणही धड सांगितलं नाही – ‘आमचं जमणार नाही’ एवढंच. कॉलेजभर कुजबुज. मी समोर आले की बायका एकदम गोड बोलायला लागत. त्या गोडपणाचाच मला जास्त संताप! मी आपली मागच्या कपाटांच्या रांगेत ट्रॉली लोटत राहायची आणि डोळे पुसायची.

हे रोज यायचे. एक पुस्तक न्यायचे, दुसऱ्या दिवशी परत. त्या गुरुवारी मी वैतागून म्हटलं, ‘इतकं भराभर वाचता तरी का, की उगीच येता?’ तर लालबुंद झाले. म्हणाले, ‘या आठवड्यात माझ्याकडे कांट आहे. खोटं बोलता येत नाही. पुस्तकं मी वाचत नाही. तुम्हाला बघायला येतो.’

दुसरा कुणी असता तर मी म्हटलं असतं, कीव करतोय. पण कांट! कांट कीव करून खोटं बोलू शकत नाही. म्हणून विश्वास ठेवला. एवढ्या एका गोष्टीवर पुढचा सगळा संसार केला.

८ मार्च, शनिवार

आरशासमोर बोलून बघितलं. ‘लालबुंद झाले’ इथे मीच लाल होते. या वयात!

९ मार्च, रविवार

तर्कट आला होता. काठी आलीय आता हातात, पण जीभ तशीच. चहा झाल्यावर म्हटलं, ऐक माझं भाषण. ऐकता ऐकता तो हसायला लागला. मला वाटलं, आवडलं.

‘वहिनी, कांट? त्या आठवड्यात कांट माझ्याकडे होता!’

म्हटलं, काहीतरीच काय. तर म्हणे, विसरेन कसा? त्याच बुधवारी तो मुलगी बघायला गेला होता. होणाऱ्या सासऱ्याने विचारलं, ‘सिगरेट ओढता का?’ कांटसाहेब खिशात! ‘हो, रोज एक पाकीट.’ वर त्यांनी विचारलं, ‘आमची मुलगी आवडली ना?’ तर हा म्हणाला, ‘धाकटी जास्त आवडली.’ बूट घालायलाही वेळ दिला नाही म्हणे त्यांनी. ‘आणि शुक्रवारी तुमचे हे मिठी मारून सांगतायत, लायब्ररीत जमलं! माझं मोडलं आणि याचं जमलं, एकाच आठवड्यात. डोळ्यांसमोर आहे सगळं.’

मी कपबशा गोळा करायला लागले. त्याच्या लक्षात आलं नाही. लॉजिकच शिकवायला लागला – ‘म्हणजे बघा, “माझ्याकडे कांट आहे” हे पहिलंच वाक्य खोटं. मग दुसऱ्याची हमी काय?’

मग माझं तोंड बघितलं आणि जीभ चावली. ‘वहिनी, मी आपलं सहज…’

मग ह्यांच्याकडे कोण होता, विचारलं. नाही आठवत म्हणाला.

१० मार्च, सोमवार

ह्यांचा फोटो पालथा घातला. तासाभराने सुलटा केला. काय करू?

११ मार्च, मंगळवार

ह्यांच्याकडे मिल असला तर? मिलच्या हिशेबात बसतं ते. एक बाई रडतेय, एक वाक्य बोललं की तिचं रडणं थांबतं, कुणाचं काही बिघडत नाही. बोला! मग शब्द दिला म्हणून निभावलं. निभावलं तर छानच. कधी आवाज चढवला नाही, आजारपणात उशाशी बसून राहिले. पण कीव करणारा माणूसही हे सगळं करतो की.

लेकीला फोन केला. ती वैतागली – ‘आई, एवढा संसार केलात, आता कसला पंचनामा? बाबा गेले. तू त्यांना काय कोर्टात उभं करणार आहेस?’ बरोबर आहे तिचं. पण तिला कधी कुणी ‘जमणार नाही’ म्हणून सोडलेलं नाही. मला माणूस हवा होता, आधार नव्हे. आधार काय, काठीचाही असतो.

कॉलेजला कळवावं का, येत नाही म्हणून?

१३ मार्च, गुरुवार

थोरल्या सरांकडे जाऊन आले. नव्वदी ओलांडली, कानाने पार गेलेत. त्यांच्या कानात ओरडून विचारावं लागलं – ‘ह्यांच्याकडे त्या आठवड्यात कोण होता?’ स्वयंपाकघरातून सून डोकावली. तिला वाटलं असेल, म्हातारी सवतीची चौकशी करतेय! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर नुसते हसत राहिले. ‘गुणी होता हो तो.’ पुढे ह्यूमवर बोलायला लागले – माणूस आधी भावनेने ठरवतो आणि मग बुद्धी कामाला लावतो, असं काहीतरी. मी मान डोलावली. निघताना हात धरून म्हणाले, ‘आठवलं तर कळवतो.’

काय आठवणार! रिक्षातून येताना ठरवलं, उद्या कॉलेजला फोन करून नाही म्हणून सांगायचं.

१४ मार्च, शुक्रवार

फोन हातात घेतला आणि ठेवला. दोनदा. नंतर नाहीच केला.

१५ मार्च, शनिवार

सकाळी थोरल्या सरांचा फोन. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून तेच ओरडत होते. म्हणाले, त्या सोमवारी ह्यांनी डब्यात हातच घातला नाही. असा सोमवार तो एकच. हे म्हणाले होते, ‘सर, या आठवड्यात मला कुणीच नको. एकीशी बोलायचंय, ते माझं मीच बोलेन.’

आणि ऐन वेळी पाय लटपटले म्हणून कांटला पुढे केलं! भित्रा कुठला!

निघते. साडी नेसायचीय अजून.